पुस्तक कुठलं घेऊ, मामा?

आमच्या ताईचा फोन रात्री नऊनंतर कधी येत नाही. त्यामुळे मागच्या महिन्यात शुक्रवारी रात्री साडेदहाला तिचं नाव स्क्रीनवर दिसलं तेव्हा आधी पोटात गोळाच आला. पण आवाज नेहमीचा होता.

"अरे, तुझ्या भाच्याला जरा समजाव. तीस हजारांची परीक्षा म्हणतोय. वर पुस्तकं, वर क्लास. हे म्हणतात भरू पैसे, पण मला काही कळत नाही त्यातलं. माझ्या एमएससीआयटीला नव्हतं बाई असलं काही!"

ताईचं बरोबरच होतं. एमकेसीएल २००१ साली सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत गावागावात एमएससीआयटीचे क्लास निघाले. ताईने लग्नाआधी तो केला. फी भरली की पुस्तक हातात, तेही मराठीतून. त्याच पुस्तकावर क्लास, त्याच पुस्तकावर परीक्षा. 'कुठलं पुस्तक घेऊ' हा प्रश्नच नाही. कंपन्यांच्या परीक्षांचं तसं नसतं. परीक्षा एकाची, पुस्तक दुसऱ्याचं, क्लास तिसऱ्याचा आणि पैसे मात्र आपले. :-)

भाचा अलिबागला बीएस्सी आयटीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला सीसीएनए करायचंय, म्हणजे सिस्कोची नेटवर्किंगची परीक्षा. त्यामागचं गणित अगदी सरळ आहे. पनवेलला २०२० मध्ये योट्टाचं डेटा सेंटर सुरू झालं, ऐरोली-महापे पट्ट्यात आधीपासून आहेतच, आणि तिथे नेटवर्कची माणसं लागतात. घरापासून चार तासांवर नोकरी, शनिवारी-रविवारी वाडीत. मला हा विचार आवडला होता. पण तीस हजार म्हणजे काय हे मला पुण्यात बसून कळणार नव्हतं. परीक्षेची फी तीनशे डॉलर, वर अठरा टक्के कर. ताईचं घर मुरूडच्या अलीकडे नांदगावला. नारळी-पोफळीची वाडी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी दोन-तीन तासांत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यावर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे नवीन झाडं आत्ता कुठे हाताशी येऊ लागलीत. त्या घरातून तीस हजार निघणार होते.

म्हटलं, ताई, उद्या येतोच.

सकाळी निघताना ऑफिसातल्या एका नेटवर्कवाल्या मित्राच्या घरावरून गेलो आणि त्याच्याकडची दोन जाडजूड पुस्तकं उचलली. एक वेंडेल ओडमचं, सिस्को प्रेसचं अधिकृत. दुसरं टॉड लॅमलचं, सायबेक्सचं. सीसीएनए करणाऱ्या कुणालाही विचारा, ही दोन नावं येणारच. मी स्वतः जावावाला, नेटवर्कमधलं मला कामापुरतंच कळतं. पण चुकीचं पुस्तक घेण्याचा मला दांडगा अनुभव आहे. तो आधी सांगतो.

*

साल २००६. लोणेऱ्याहून इंजिनिअरिंग करून मी चौलला घरी बसलो होतो. सगळीकडे एकच बोलबाला, एससीजेपी कर. सनची जावाची परीक्षा. बायोडेटावर ती चार अक्षरं असली की निदान फोन तरी येतो. बाबांनी त्या वर्षीच्या सुपारीच्या पैशातून फी दिली. काही विचारलं नाही, फक्त पैसे मोजताना दोनदा मोजले.

पुस्तक मी मुंबईला फाउंटनच्या फूटपाथवर घेतलं. कॅथी सिएरा आणि बर्ट बेट्स या दोघांचं. सगळे म्हणायचे घ्यायचं तर हेच, आणि ते खरंही होतं. दीडशे रुपयांत मिळालं. नवीन सव्वाचारशेच्या आसपास होतं. मी खूश. मांडव्याच्या लाँचमध्ये बसल्या बसल्या वाचायला सुरुवात केली.

पुस्तक अप्रतिम होतं. इंग्रजी इतकं सोपं की मराठी शाळेत शिकलेल्या माणसालाही शेजारी बसून कुणी सांगतंय असं वाटावं. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन मिनिटांची उजळणी, मग प्रश्न, आणि चुकीचा पर्याय का चुकीचा तेही लिहिलेलं. घरी कॉम्प्युटर नव्हता. लोडशेडिंगमध्ये पडवीत कंदील घेऊन वहीत प्रोग्रॅम लिहायचो आणि आठवड्यातून दोनदा अलिबागला सायबर कॅफेत जाऊन ते चालवून बघायचो. बिट-शिफ्टचे ऑपरेटर तर असे घोटले होते की झोपेत विचारलं तरी उत्तर दिलं असतं.

जुलैत परीक्षा. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून एसटीने पनवेल. वडखळ नाक्यावर तास गेला. तिथून लोकल. केंद्रावर पोचलो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली. 'अलिबागसे आया है क्या' असं लोक चिडवायला म्हणतात, मी खरोखरच तिथून आलो होतो.

पहिला प्रश्न आला. दुसरा आला. तिसऱ्यात असं काहीतरी दिसलं जे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कोनी कंसात टाईप लिहिलेला. जेनेरिक्स! पुढे एनम. पुढे फॉर लूप, पण वेगळ्याच पद्धतीने लिहिलेला. मला वाटलं, प्रश्नातच चूक आहे. दहाव्या-बाराव्या प्रश्नाला कळलं की चूक प्रश्नात नाही.

झालं होतं असं. माझं पुस्तक होतं जावा १.४ च्या परीक्षेचं, ३१०-०३५. आणि मी नाव नोंदवलं होतं जावा ५ च्या परीक्षेला, ३१०-०५५, कारण 'नवीन आहे ती द्यावी'. दोन्ही परीक्षांचं नाव एकच. दोन्ही पुस्तकांचे लेखकही तेच. मी मुखपृष्ठावरचं नाव वाचलं, नंबर वाचला नाही. १.४ मधून ५ मध्ये येताना जावा भाषाच बदलली होती. आणि ज्या बिट-शिफ्टसाठी मी रात्री जागवल्या होत्या ते नव्या परीक्षेतून काढूनच टाकलं होतं.

७२ प्रश्न, पास व्हायला ५९ टक्के, म्हणजे ४३ बरोबर. माझे आले ३७. एक्कावन्न टक्के. गंमत म्हणजे जुन्या परीक्षेला पास व्हायला ५२ टक्के लागायचे. म्हणजे तिथलाही आकडा एकाने हुकलाच असता! हे मी त्याच दिवशी लोकलमध्ये बसून काढलं आणि त्या अवस्थेतही हसू आलं.

घरी आल्यावर बाबांनी एवढंच विचारलं, "ते पुस्तक कितीला घेतलं होतंस?"

"दीडशे."

"आणि नवीन?"

"सव्वाचारशे असेल."

"हं," म्हणाले आणि वाडीत शिपणं करायला गेले. पाऊस पडत होता. शिपायचं काहीच नव्हतं.

असो.

*

नांदगावला पोचेपर्यंत दीड वाजला. जेवण झालं. पोपटीचा मोसम नव्हता, पण सुकटीची चटणी होती, त्यामुळे तक्रार नाही. भावोजी म्हणाले, "तुम्ही दोघं बसा ओटीवर, मी जरा पडतो." ताई मात्र दारातच तांदूळ निवडत बसली. म्हणजे ऐकायचं होतं.

भाच्याने आपली तयारी दाखवली. यादीत पाच पुस्तकं, दोन व्हिडिओ कोर्स आणि शिवाय मोबाईलवर एक पीडीएफ. मी म्हटलं, "यातलं काय वाचलंस?"

"अजून काहीच नाही, मामा. आधी ठरवतोय."

हे मला फार ओळखीचं वाटलं. पुस्तक निवडणं हाही अभ्यासच आहे असं आपल्याला वाटत राहतं. दोन महिने निवडण्यात जातात आणि छान दमायला होतं. म्हणून म्हटलं, आज संध्याकाळी दिवे लागायच्या आत ठरवून टाकू.

पहिलं काम, नंबर. "परीक्षेचा नंबर सांग." त्याला तोंडपाठ होता, २००-३०१. शाबास. मामापेक्षा पोरगा हुशार. "आवृत्ती?" इथे थांबला. २००-३०१ ही परीक्षा २४ फेब्रुवारी २०२० ला सुरू झाली. नंबर तोच राहिला, पण २० ऑगस्ट २०२४ पासून तिची १.१ ही आवृत्ती लागू झाली. म्हणजे पुस्तकावर २००-३०१ लिहिलेलं असलं तरी ते २०२० चं असू शकतं. आणि नेमकं तसंच होतं. त्याच्या एका सीनियरकडे ओडमचे २०२० चे दोन्ही भाग होते आणि तो फुकट द्यायला तयार होता.

माझा हात पोळलेला, त्यामुळे मी लगेच म्हटलं, "जुनं पुस्तक अजिबात नको! मी सांगतो ना." आणि २००६ ची सगळी कथा परत ऐकवली. ताई दारातून म्हणाली, "बाबा त्या दिवशी जेवले नव्हते रात्री." हे मला माहीत नव्हतं. वीस वर्षांनी कळलं.

भाच्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण मामा, बदललंय काय ते तर बघू ना."

बरोबर होतं त्याचं. सिस्को आपल्या परीक्षेच्या विषयांची यादी फुकट देते, ती कुणीही उतरवून घेऊ शकतो. सहा भाग आणि प्रत्येकाचं वजन दिलेलं. नेटवर्कची मूलतत्त्वं २० टक्के, स्विचिंग वगैरे २०, राउटिंग २५, सेवा १०, सुरक्षा १५ आणि ऑटोमेशन १०. आम्ही १.० ची आणि १.१ ची यादी दोन मोबाईलवर शेजारी शेजारी धरली आणि एकेक ओळ ताडून पाहिली. तासभर लागला. बदल सगळे मिळून एका वहीच्या अर्ध्या पानात बसले. स्पॅनिंग ट्रीमध्ये रूट गार्ड, लूप गार्ड असली चार नावं वाढलेली. ऑटोमेशनमध्ये पपेट आणि शेफ गेलेले, टेराफॉर्म आलेलं. शिवाय नेटवर्कच्या कामात एआय कसं वापरतात त्याची ओळख. बाकी सबनेटिंग तेच, व्हीलॅन तेच, ओएसपीएफ तेच.

म्हणजे माझा नियम चुकीचा होता. जुनं पुस्तक वाईट नसतं, किती बदललंय ते न बघता घेतलेलं पुस्तक वाईट असतं. माझ्या वेळी खालची जमीनच बदलली होती, इथे फक्त कुंपण हललं होतं. मी वीस वर्षं लोकांना 'नेहमी नवीन आवृत्ती घ्या' असं सांगत आलो, आणि त्यातल्या किती जणांचे पैसे उगाच घालवले कुणास ठाऊक.

येताना अलिबागला वेधशाळेच्या बाजूने आलो होतो, ते आठवलं. मुंबईत ट्राम विजेवर धावणार असं ठरलं तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे लक्षात आलं. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवी वेधशाळा सुरू केली. पण कुलाब्याची लगेच बंद केली नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुन्या आकड्यांचा नव्याशी सांधा जुळला. आम्ही ओटीवर बसून तेच करत होतो, फक्त दोन वर्षांऐवजी एका तासात.

*

दुसरं काम, वाचून बघणं. लोक पुस्तकाबद्दलची मतं वाचतात, पुस्तक वाचून बघत नाहीत. चप्पल घेताना आपण पाय घालून बघतो की नाही? तसंच. मी म्हटलं, दोन्ही पुस्तकांतलं एकच प्रकरण वाच. सबनेटिंग. सगळ्यात जास्त मुलं तिथेच अडकतात.

आधी लॅमल. तासाभरात वाचून झालं. मधे मधे पोरगा हसत होता. लॅमल लिहितोच तसा, गप्पा मारल्यासारखा. "मामा, मस्त आहे! हेच घेऊ." म्हटलं थांब. चहा झाला, मग ओडम. ओडम कसा, तर शिस्तीचा मास्तर. प्रकरण सुरू व्हायच्या आधीच 'हे मला आधीच येतं का?' म्हणून प्रश्न टाकतो. तुम्हाला येत असेल तर वरवर वाचा म्हणतो, नसेल तर बसा. भाच्याचे सातातले दोन बरोबर आले. तोंड उतरलं. मग वाचत बसला. मधे दोनदा उठून विहिरीवर जाऊन आला.

मग दोन्ही पुस्तकं मिटायला लावली आणि वहीत लिहून दिलं: १९२.१६८.१०.७७, मास्क २७ चा. हा पत्ता कुठल्या तुकड्यात येतो, मला नाही, तुझ्या आईला समजावून सांग.

ताईने तांदूळ बाजूला ठेवले.

"आई, हे बघ. बत्तीस बिटं असतात. त्यातली सत्तावीस नेटवर्कची, मग उरली किती? पाच. दोनाचा पाचवा घात बत्तीस. म्हणजे आपली वाडी बत्तीस-बत्तीस झाडांच्या वाफ्यांत वाटलेली. पहिला वाफा शून्यापासून, दुसरा बत्तीसपासून, तिसरा चौसष्टपासून, चौथा शहाण्णवपासून. सत्त्याहत्तर कुठे आलं?"

"चौसष्टच्यात," ताई म्हणाली.

"बरोबर. चौसष्ट ते पंच्याण्णव. पण पहिलं आणि शेवटचं झाड धरायचं नाही. पहिलं म्हणजे वाफ्याचं नाव, आणि शेवटच्याला हाक मारली की सगळ्यांना ऐकू जातं. म्हणजे कामाची झाडं तीस. पासष्ट ते चौऱ्याण्णव."

ताईने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. पोफळी पडल्यानंतर भावोजींनी नव्या वाडीची आखणी केली तेव्हा हा पोरगा दोरी धरून उभा होता, हे तिनेच नंतर सांगितलं.

मी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातून कळलं?"

थोडा विचार करून म्हणाला, "लॅमल वाचताना वाटलं कळलं. पण कळलं ते ओडममध्ये. तिथे स्वतः सोडवावं लागलं."

आता यावरून ओडम चांगला आणि लॅमल वाईट असं कुणी समजू नका. ऑफिसातला तो मित्र बरोबर उलटं सांगतो, त्याला ओडम वाचताना झोप यायची आणि तो लॅमलवर पास झाला. मलाही तेव्हा एकाने मुघल आणि रासमुसेन यांचं पुस्तक दिलं होतं, जावाचंच. त्यात माहिती कमी नव्हती, पण माझं इंग्रजी त्याला पुरलं नाही, तीस पानांत मी गार झालो. मुद्दा एवढाच की एक प्रकरण वाचून, पुस्तक मिटून, दुसऱ्याला सांगता येतंय का ते बघायचं. ज्यातून सांगता आलं ते आपलं पुस्तक. आणि मराठीतून सांगायचं. कारण या परीक्षेचं पुस्तक मराठीत नाही, पण कळतं शेवटी मराठीतच. इंग्रजी वाक्य पाठ म्हणून दाखवणं सोपं असतं, ताईला वाफे दाखवणं नाही.

*

तिसरी गोष्ट ती पीडीएफ. ती मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.

एका क्लासवाल्याने मुलांच्या ग्रुपवर टाकली होती. नमुन्याची दहा पानं फुकट, पूर्ण हवी तर दीड हजार. 'हमखास पास'. म्हणजे परीक्षेतले प्रश्न कुणीतरी बाहेर आणलेले, उत्तरांसकट. याला डंप म्हणतात. भाचा माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळेच घेतात, मामा. तीस हजार एकदाच जातात ना मग. नापास झालो तर परत तीस."

यावर काय बोलणार? नीतीचा धडा देणं सोपं होतं. परीक्षा सुरू व्हायच्या आधी स्क्रीनवर करार येतो, त्याला आपण हो म्हणतो, आणि कंपनीला कळलं तर प्रमाणपत्र रद्द होतं, पुढे परीक्षा द्यायला बंदीही येऊ शकते. हे सगळं मी सांगितलं. पण ज्याच्या घरातून तीस हजार निघतायत त्याला हे पुरत नाही हे मलाही माहीत होतं. कारण मलाही ते पुरलं नव्हतं.

म्हणून जे आजवर घरात कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. जुलैत नापास झाल्यावर एका मित्राने मला असाच गठ्ठा दिला होता, झेरॉक्सचा. मी घेतला. ताईसमोर हे सांगताना मान खाली गेली खरी. घेतला आणि वाचायलाही लागलो. तोपर्यंत सिएरा-बेट्सचं जावा ५ चं नवीन पुस्तक आणलं होतं, या वेळी मुखपृष्ठावरचा नंबर तीनदा वाचून. गठ्ठ्यातलं एक उत्तर पुस्तकाशी जुळेना. मला वाटलं पुस्तक चुकलं असेल. अलिबागला सायबर कॅफेत जाऊन प्रोग्रॅम चालवला. पुस्तक बरोबर होतं. मग चिडून गठ्ठ्यातले वीस प्रश्न चालवून पाहिले, त्यातली चार उत्तरं चुकीची निघाली. गठ्ठा तिथेच कचऱ्यात टाकला.

"म्हणजे तू चांगुलपणाने नाही टाकलास," ताई म्हणाली.

"नाही. उत्तरं चुकीची होती म्हणून टाकला. सगळी बरोबर असती तर काय केलं असतं, सांगता येत नाही."

भाचा आता माझ्याकडे बघत होता.

डिसेंबरात मांडव्याहून सकाळच्या लाँचने गेलो आणि परीक्षा दिली. ७२ पैकी ५८. प्रमाणपत्र आलं, बाबांनी ते कपाटात सुपारीच्या हिशेबाच्या वहीखाली ठेवलं. अजून तिथेच आहे. सन कंपनी मात्र राहिली नाही, जानेवारी २०१० मध्ये ती ओरॅकलची झाली आणि परीक्षेचं नावही बदललं. त्या चार अक्षरांना आज कुणी विचारत नाही. सीसीएनए तर तीन वर्षांनी संपतं, परत काहीतरी करावंच लागतं. मग उरतं काय? तर सायबर कॅफेत लागलेली ती खोड. छापलेलं उत्तर दिसलं की आधी चालवून बघायचं. पगार मला आजही तिचाच मिळतो.

आता मी मुलाखती घेतो तेव्हा प्रमाणपत्रवाल्यांना एक प्रश्न हटकून विचारतो, अभ्यास करताना कुठलं प्रकरण सगळ्यात अवघड गेलं? ज्याने पुस्तक वाचलंय तो लगेच सांगतो, थोडा वैतागून, जुन्या भांडणाबद्दल बोलल्यासारखा. ज्याने डंप वाचलाय तो म्हणतो, सगळं सोपं होतं, सर.

*

दिवे लागायच्या आत ठरलं. ओडमचा पहिला भाग सीनियरकडचा जुना, फुकट. त्यात नसलेली स्पॅनिंग ट्रीची चार नावं वेगळी वाचायची, तो कागद पुस्तकातच टाचून ठेवला. दुसरा भाग नवीन घ्यायचा, कारण ऑटोमेशनचे बदल त्यात आहेत. दोन्ही भागांच्या चुकांची दुरुस्ती प्रकाशकाच्या पानावरून आधी पुस्तकात पेन्सिलीने करून घ्यायची. क्लास नाही. सरावाला सिस्कोचं पॅकेट ट्रेसर, ते त्यांच्या अकॅडमीत नाव नोंदवलं की फुकट मिळतं, आणि त्यात खोटे राउटर जोडून खरं शिकता येतं. व्हिडिओ कोर्स एकच, तोही अडलं तर. लॅमल मी परत गाडीत टाकलं, पण त्याआधी सबनेटिंगचं प्रकरण त्याने रात्री आणखी एकदा वाचून घेतलं. आणि परीक्षेची तारीख पहिला भाग संपल्याशिवाय घ्यायची नाही. आधी पैसे भरले की अभ्यास होतो म्हणतात. आमच्या घरात तसं होत नाही. आमच्या घरात आधी पैसे भरले की फक्त झोप उडते.

पीडीएफचं काय करायचं ते मी विचारलं नाही. त्याचं त्याने ठरवायचं. मोबाईल त्याचा आहे.

रविवारी निघताना भावोजी गाडीपाशी आले. नारळाचं पोतं डिकीत ठेवलं आणि म्हणाले, "पास होईल ना?" म्हटलं, "भावोजी, ते नाही सांगता येत. पण या वेळी पुस्तक बरोबर आहे." त्यांनी मान हलवली. वाडीतली माणसं एवढ्यावर समाधान मानतात, रोप बरोबर निवडलं की पुढचं पावसावर.

काल रात्री पावणेअकराला फोन वाजला. आता मी घाबरत नाही, भाचा असतो.

"मामा, ते स्पॅनिंग ट्री काय लिहिलंय रे त्या माणसाने! तीनदा वाचलं. डोकं फुटायची वेळ आली."

"पॅकेट ट्रेसरमध्ये करून बघितलंस?"

"बघितलं. पुस्तकात म्हणतो तो पोर्ट बंद व्हायला हवा, माझा दुसराच होतोय."

"मग?"

"मग काय, शोधतोय. पुस्तक चुकलंय का मी."

मी म्हटलं, शोध. आणि निवांत झोपलो.